तुझ्या हौदावरची माझी फांदी

मालन, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला, याचा मला राग आला.

बाकीच्यांना बरं वाटलं. तुझ्या लेकानं हुश्श केलं. गुरुजी म्हणाले, "बाईंचा जीव कशातच अडकला नव्हता." मला ते बोलणं लागलं. मी घरून तयारी करून आले होते. मागं त्या वरच्या आळीतल्या म्हातारीच्या पिंडाला दोन तास कावळा फिरकला नव्हता, आठवतं ना? लेक म्हणाला धाकट्याचं लग्न लावतो, सून म्हणाली देवाला चांदीचे डोळे वाहते, तरी नाही. शेवटी कुणीतरी म्हटलं, "आजे, तुझी शेळी इकत न्हाय," आणि कावळा आला. आपण दोघी तोंडाला पदर लावून हसलो होतो.

तुझंही तसंच होणार, असं मी धरून चालले होते. लोक एकेक कबूल करून थकतील, मग मी पुढं होईन. शब्दसुद्धा ठरवले होते. "मालन, फांदी तोडते गं. आजच तोडते. खा आता." माझे गुडघे धरलेत, म्हणून मी दगडाचा आधार घेऊन हळूहळू खाली बसत होते. पुरती बसलेही नव्हते तोवर कावळा आला, भात उचलला आणि गेला.

बारा वर्षं तू मला एकच गोष्ट मागत होतीस. मेल्यावर तुला तीही नको झाली?

तुझा लेक म्हणतो, "मावशी, आईवर चार चांगले शब्द लिहा. वर्षश्राद्धाच्या जेवणाला छापून वाटायचेत." मी चौथीपर्यंत शिकले. चांगले शब्द पाचवीत शिकवत असतील. जे आहे ते लिहिते. छापायचं तर छापेल, नाहीतर राहू देईल.

आपली दोन परसं एकमेकांना लागून. मधे खांद्याएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडं माझा कडुलिंब, पलीकडं तुझा बैलांना पाणी पाजायचा हौद. तुझे मालक गेले, बैल विकले, हौद कोरडा पडला. मी म्हटलं, "माती भर आन् कोथिंबीर लाव." तू बरं म्हणालीस. त्याच आठवड्यात तुझ्या भाच्यानं पुण्याहून एसटीनं मिठाईचा पुडा पाठवला. पेढे असतील म्हणून मी लगोलग आले. तर आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली दोन काळे गड्डे.

"एवढ्या लांबनं आळकुड्या धाडल्या?"

"आळकुड्या न्हाईत. कमळाचे कांदे हायत."

"मग भाजी कर."

तू भाजी केली नाहीस. भाचा रोपवाटिकेत कामाला होता. तो फोनवर सांगायचा आणि तू शाळेतल्या पोरीसारखं ऐकायचीस. हे खरं कमळ नव्हे, ही गरम मुलखातली पाणलिली. निळं फूल येतं. ऊन भरपूर लागतं, थंडी सोसत नाही. मी त्याला कायम कमळच म्हटलं. तू दर वेळी सांगायचीस, "लिली म्हण." आजही मी कमळच म्हणते.

ओढ्याकाठची चिकण माती तू पाटीनं आणलीस. त्यात शेणखत घातलं नाहीस, मूठभर पालासुद्धा नाही. मला हसू आलं. उपाशी मातीत काय उगवणार? कांदा कुंडीत ठेवलास, त्याचं तोंड उघडं राहील असा, भोवतीनं वाळूचा थर. हौदात विटा रचल्यास, त्यावर कुंडी, कुंडीवर वीतभर पाणी. पानांचे देठ लांबले की एक वीट काढायची, कुंडी खाली सरकवायची. परत देठ लांबले की परत एक वीट. मी भिंतीवरनं म्हटलं, "लेकराला तरी एवढं केलं व्हतंस का?" तू म्हणालीस, "लेकरू काय, पडत-झडत वाढतंय."

श्रावणात पहिलं फूल आलं. पाण्याच्या वर हातभर देठ, त्यावर ते निळं. खोटं कशाला बोलू, तसा रंग मी लुगड्यातसुद्धा बघितला नव्हता. आमच्या मालकांनी जन्मात माझ्या डोक्यातल्या गजऱ्याकडं बघितलं नाही. ते भिंतीशी उभे राहून म्हणाले, "काय रंग हाय!" चहा गार होईपर्यंत उभे होते. त्या दिवशी मी त्यांना तोच गार चहा दिला.

मग अख्खं बेंबळी गाव तुझ्या परसात. शाळेच्या बाई वर्ग घेऊन आल्या. नवी जोडपी हौदाच्या काठावर बसून फोटो काढायला लागली. महादेवाच्या पुजाऱ्यानं माझी जास्वंद बाजूला सारली आणि पिंडीवर तुझं फूल ठेवलं. माझ्या परसात तेव्हा दोडक्याचा वेल मांडवभर होता. गल्लीत एक घर असं नव्हतं, जिथं माझी दोडकी गेली नाहीत. पण दोडक्याशेजारी उभं राहून कुणी फोटो काढला नाही.

माझ्या पोटात जळत होतं. मी दवाखान्याच्या आशाताईला सांगितलं, "त्या हौदात डास झालेत, उद्या गावाला ताप येईल." ती बिचारी डबी घेऊन आली, वाकून बघितलं, तर तू आधीच दवाखान्यातनं गप्पी मासे आणून सोडलेले. आशाताईनं गावात सांगितलं, "हौद ठेवावा तर मालनबाईंसारखा." म्हणजे मी तक्रार केली आणि तुझं नाव झालं. तक्रार कुणी केली, हे तू मला कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते.

आणि एक. तुझ्या त्या जातीची एक गंमत होती. जुन्या पानाच्या मध्यावर, देठ जुळतो तिथं, बारकं रोप फुटायचं, आईच्या मांडीवर पोर बसल्यासारखं. तू भूमला लग्नाला गेलीस, त्या दिवशी मी तुझ्या परसात शिरून ते पान तोडलं. चोरलं, असंच लिहिते. जुन्या घमेल्यात लावलं. आता मी जन्मभर शेती केलेली बाई. रोप लावायचं आणि खत घालायचं नाही, हे माझ्या हाताला जमेना. तीन वाटे शेणखत, एक वाटा माती. वरनं पाणी. आठ दिवसांत पाणी हिरवं झालं, मग काळं, आणि असा वास सुटला की मलाच परसात जाववेना. रोप कुजलं.

तू भिंतीपलीकडनं म्हणालीस, "कौसे, म्हैस घेतलीस व्हय गं? न सांगता?"

"का?"

"वास येतोय."

"तुझ्या हौदाचा असंल."

"असंल बाई," म्हणून तू आत गेलीस.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर एक पाटी ठेवलेली. चाळलेली चिकण माती, खडा नाही. त्या मातीनं मी चूल लिंपली. तू दुपारी आलीस, चुलीकडं बघितलंस आणि म्हणालीस, "चूल चांगली झाली." एवढंच. मालन, तू भांडली असतीस तर मला परवडलं असतं.

आता माझी फांदी. भिंतीवरनं वाकून ती पहिल्यापासूनच बरोबर तुझ्या हौदावर गेलेली. तुझं फूल सकाळी नऊ-दहाला उघडायचं. एक वाजला की फांदीची सावली हौदावर यायची आणि फूल पाकळ्या आवळायला लागायचं. भाचा म्हणाला, चार वाजेपर्यंत उघडं राहायला पाहिजे. तेव्हापासून तुझी भुणभुण सुरू झाली.

"कौसे, तेवढी फांदी तोड की गं."

"देवीचं झाड हाय. कुऱ्हाड लावू का?"

"देवी काय त्याच फांदीवर बसली? बाकीचं झाड मोकळंच हाय की."

"ती मला इचारून न्हाय बसली."

"पाडव्याला ओरबाडून पाला काढतीस, तवा देवी कुठं जाती?"

"तवा उठून बाजूला व्हती."

तू हसायचीस. मीही हसायचे, पण फांदी तोडायचे नाही. तुझा लेक एकदा करवत घेऊन भिंतीवर चढला. "आमच्या बाजूला आली ती आमची," म्हणाला. तू त्याला खाली उतरवलंस. "झाड तिचं हाय. ती तोडंल तवा तोडंल." मी आतनं ऐकत होते. त्या दिवशी तोडली असतीस तर मी गावभर बोंब मारली असती आणि मोकळी झाले असते. तू ती संधी दिली नाहीस.

फूल मिटलं की तू माझ्याकडं यायचीस. लुगड्याचा काठ ओला, हाताला चिखलाचा वास, नखात हिरवं. पिवळी पडलेली पानं काढून आलेली असायचीस. मी भाकरी वाढायचे. तू ठेचा तिखट झाला म्हणायचीस आणि परत मागून घ्यायचीस. मग लिंबाखालच्या बाजेवर, भिंतीच्या कडेला, आडवी व्हायचीस आणि घोरायचीस. मी शेजारी बसून शेंगा निवडायचे. तुझ्या तोंडावर माशी बसली तर हाकलायचे. घोरणं थांबलं तर बघायचे.

मग ते पावसानं दडी मारलेलं साल आलं. टँकरपुढं घागरींची रांग. तू आपणहून हौद उपसलास, पाणी झाडांना घातलंस, मासे दवाखान्याच्या टाकीत सोडून आलीस. कांदे धुतलेस, फुटक्या डेऱ्यात ओल्या वाळूत पुरलेस आणि डेरा अंधाऱ्या खोलीत ठेवलास. वाळू सुकू द्यायची नाही, चिखलही होऊ द्यायचा नाही. दर चार दिवसांनी ओंजळभर पाणी. ते तू तुझ्या पिण्याच्या तांब्यातलं घालायचीस, हे मला माहीत होतं.

त्या साली तू सकाळीच माझ्याकडं यायचीस. बघायला फूल नव्हतं, काढायला पान नव्हतं. आपण वाती वळल्या, गोधड्या शिवल्या, सगळ्या गावाची उणीदुणी काढली. भांडलो तर पुरेसा वेळ घेऊन भांडलो. गाव पाण्यासाठी तळमळत होतं आणि मी मनातनं खूश होते. असं वाटणं पाप असेल तर ते माझ्या नावावर.

पुढच्या साली पाऊस झाला. एक दिवस तू ओरडत आलीस, "कौसे, कोंब! कोंब आला!" तुझ्या तळहातावर तो कांदा, त्याला सुईएवढं लाल टोक. तुझं तोंड असं फुललं होतं, की मला वाटलं, माझ्याकडं बघून ही बाई अशी कधी हसली होती का? मी म्हटलं, "हां, आला." आणि भाकरी थापत राहिले.

शेवटचं भांडण पोळ्यानंतरचं. तू भिंतीला टेकून उभी होतीस. दम लागत होता तुला, पण मी ते बोलून दाखवलं नाही.

"कौसे, आता तरी तोड. एकदा तरी चारपर्यंत उघडं बघू दे."

"म्या मेल्यावर तोड."

"तू कशाची मरतीस? तुला यम नेऊन काय करंल?"

"तुझ्या हौदात सोडंल."

"नको बाई. मासे मरतील."

पाच दिवसांनी तुझी सून अर्चना तुला उठवायला गेली आणि तू उठली नाहीस.

तुझी तिरडी उचलली तेव्हा ऊन वर आलं होतं. सगळे रडत होते. मी भिंतीवरनं बघितलं, तर हौदात दोन फुलं नेहमीसारखी उघडत होती. त्यांना काही वाटलं नाही. मला त्यांचा इतका संताप आला, की दगड उचलून मारावा. हातात दगड घेतलाही होता. मग ठेवला, कारण मासे तुझे होते.

दहावा झाला, तेरावा झाला, दसरा झाला. हौदाकडं कुणी बघेना. पानं पिवळी पडली, पिवळ्याची तपकिरी झाली, पाण्यावर तवंग आला. एक दिवस अर्चना म्हणाली, "मावशी, हौद बुजवून धुण्याचा ओटा करायचा म्हणतोय आम्ही."

"बुजवायचा न्हाय."

"अगं बाई! तुम्हालाच तर डोळ्यासमोर नको व्हता."

"नको व्हता तवा नको व्हता."

"मग त्याचं करणार कोण? मला त्यातलं काय बी कळत न्हाय."

"म्या."

"तुम्हाला येतं?"

"बारा वर्षं भिंतीवरनं बघतीया."

अर्चना हसली. पण ते खरं होतं. जळणाऱ्या माणसाइतकं बारीक कोण बघतं? कोणतं पान काढायचं, देठ किती खालनं तोडायचा, खताची गोळी चिखलात बोटभर खोल दाबायची आणि पाण्यात सुटू द्यायची नाही, मिटलेलं फूल पाण्याखाली गेलं की त्याला ओढायचं नाही, सगळं मला माहीत होतं. शेणखत घालायचं नाही, हे तर मला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

हौद साफ केला आणि दुसऱ्या दिवशी गड्याला कुऱ्हाड घेऊन बोलावलं. फांदीला हळदकुंकू लावलं, देवीला म्हटलं, जरा बाजूला सर. अर्चना भिंतीपलीकडं उभी राहून बघत होती. घाव पडत असताना ती सहज बोलून गेली.

"आत्या असत्या तर किती खूश झाल्या असत्या. ह्यांनी लई येळा म्हटलं, पुढच्या अंगणात नवा हौद बांधून देतो, दिवसभर ऊन हाय तिथं. पण आत्या ऐकतच नव्हत्या."

"का?"

"म्हणायच्या, पुढं बसून म्या भांडू कुणाशी?"

मी गड्याला थांब म्हटलं नाही. फांदी निम्मी तुटली होती. दोरानं ओढून धरलेली ती कडकडून माझ्या बाजूला पडली.

आता ऐक. ती फांदी मी देवीसाठी ठेवली नव्हती. गाव म्हणतं तसं तुझ्या फुलावर जळून ठेवली होती, हे निम्मं खरं. फांदीमुळं तुझं फूल एक वाजता मिटायचं. फूल मिटलं की तू माझ्याकडं यायचीस. चारपर्यंत उघडं राहिलं असतं तर चारपर्यंत तू तिथंच बसली असतीस. मी तुझ्या फुलावर जळत होते ते त्याच्या रंगासाठी नाही. तू त्याच्याजवळ असायचीस म्हणून.

मला वाटायचं, मी हुशार, फांदीनं तुला धरून ठेवलंय. आणि तुला पुढच्या अंगणात दिवसभराचं ऊन मिळत होतं. तू ते सोडून माझ्या सावलीत अर्धं फूल बघत बसलीस, आणि वर दर चार दिवसांनी मला फांदी तोड म्हणून भांडलीस. कावळ्यानं घाई का केली ते मला तिथं कळलं. इथंही तूच वरचढ निघालीस. हे मी तुला माफ करणार नाही.

आता फूल चार वाजेपर्यंत उघडं असतं. तुझ्या भाच्याचं खरं होतं. दुपारच्या उन्हात त्याचा रंग सकाळपेक्षा गडद दिसतो, आणि मधला पिवळा भाग पेटल्यासारखा होतो. तू हे बघितलं नाहीस, मी बघितलं. एवढ्या एका गोष्टीत मी तुझ्या पुढं आहे, आणि त्याचा मला काही उपयोग नाही. पानं मी काढते, पाणी मी भरते, थंडी पडली की कांदे मीच वाळूत ठेवणार. पण येणारा-जाणारा म्हणतो, "मालनबाईंचं कमळ फुललंय." मी म्हणते, "कमळ न्हाय, लिली म्हणा." एवढं तुझं ऐकलं.

फांदी तोडताना एका गोष्टीचा विचार केला नव्हता. ऊन जसं हौदात आलं, तसं ते माझ्या बाजूला, तुझ्या बाजेवरही आलं. आता एक वाजता तिथं कुणाला झोपता येणार नाही. दोन दिवस बाज तशीच तापत राहिली. मग मी आणि अर्चनानं ती उचलली, गल्लीनं फिरवून तुझ्या परसात आणली आणि हौदाच्या कडेला टाकली.

एक वाजला की मी भाकरी घेऊन तिथं जाते. चार वाजता फूल मिटतं, मग घरी येते.